खरी कमाई

हळदीच्या पाण्यात उकळून काढलेले गळरुमाल शाळेमागच्या करवंदीच्या जाळ्यांवर वाळत पडले आहेत, आणि मुळशीच्या धरणावरून येणारा मार्गशीर्षातला वारा त्यांना एकेक करून उचलू पाहतो आहे... बालपण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी हे पिवळं रान उभं राहतं. पुण्याहून रुमाल मागवण्याची ऐपत नव्हती, म्हणून गुरुजींनी मांजरपाट फाडून ते घरीच रंगवले होते. घामाबरोबर हळद मानेवर उतरायची आणि आम्हा बालवीरांच्या अंगाला लग्नघरातल्यासारखा वास यायचा. त्या वासाने मन हळवं व्हायला हवं. माझं होत नाही. मला राग येतो, इतक्या पावसाळ्यांनीही न विझलेला.

आमच्या स्काउट पथकाचा नायक होता दगडू. वरच्या पठारावरच्या धनगरवाड्यातून तो रोज उतरून यायचा. अंगाला शेळ्यांचा, धुराचा आणि ओल्या घोंगडीचा वास, आणि गाठी मारण्यात असा हात की गुरुजीसुद्धा पाहत राहत. त्या वर्षीच्या आषाढात त्याची आई तापाने फणफणली. डोंगराला रस्ता नव्हता. घोंगडीची झोळी बांबूला बांधून चौघांनी तिला खाली आणली, निसरड्या वाटेवर दोनदा झोळी जमिनीला टेकली, आणि पौडच्या दवाखान्याची गाडीवाट लागण्याआधीच ती गेली. दगडू झोळीच्या मागून चालत होता.

शाळेत परत आला तेव्हा त्याने गुरुजींना एवढंच विचारलं, की माणूस नीट कसा उचलतात ते शिकवाल का. गुरुजींनी शिकवलं. दोन काठ्या, दोन सदरे, मान कशी धरायची, उतारावर पाय पुढे की डोकं. आणि मग त्यांनीच ठरवलं, की या हिवाळ्यातली आमची खरी कमाई, म्हणजे बालवीरांनी अंगमेहनतीने मिळवायचा पैसा, गावासाठी एक पक्कं स्ट्रेचर आणि औषधांची पेटी आणण्याकरता असेल.

तो हिवाळा मी विसरणं शक्य नाही. भाताच्या खळ्यांवर आम्ही पेंढ्या झोडल्या. तूस मानेत शिरून रात्रभर खाजायचं. कुणाच्या भिंती पांढऱ्या मातीने सारवल्या, कुणाचे गोठे काढले, रानातून हिरडा वेचून व्यापाऱ्याला घातला. दगडू सगळ्यांत आधी यायचा आणि सगळ्यांत शेवटी जायचा. पौषात शाळेच्या पटांगणात शेकोटीचा कार्यक्रम ठेवला. ज्याला जमेल त्याने नाणं टाकावं, नाहीतर पसाभर तांदूळ. गाणी झाली, नकला झाल्या, लोक पोट धरून हसले. शेवटी जखमी माणूस वाहून नेण्याचं प्रात्यक्षिक होतं. मी काठ्या-सदऱ्यांवर आडवा झालो आणि दगडूने पुढचं टोक उचललं. जाळाच्या उजेडात त्याचा चेहरा दिसला मात्र, आणि धनगरवाड्यातल्या बायका उठल्या, ओच्यातले तांदूळ त्यांनी पाटीत ओतले, आणि जागेवर जाऊन बसल्या.

ती सगळी कमाई शाळा समितीच्या अध्यक्षांकडे ठेवायला दिली. गावात त्यांना आबासाहेब म्हणत. त्यांच्या घराला कडीकुलूप होतं, एवढंच त्यामागचं कारण.

माघात शाळेच्या नव्या खोलीच्या उद्घाटनाला जिल्ह्याहून मोठे पाहुणे यायचं ठरलं, आणि गावात कमान उभी राहू लागली. पुण्याहून कर्णा आला, जरीचा फेटा आला, पेढ्यांच्या पाट्या आल्या. गुरुजी आबासाहेबांकडे जाऊन आले ते पडलेल्या चेहऱ्याने. पैसे सत्कारात गेले, त्यांनी आम्हाला वर्गात सरळ सांगितलं, लपवलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मिळवू म्हणाले.

दगडू उभा राहिला. ‘‘गुरुजी, मंग ह्या पावसाळ्यात कुनी आजारी पडायचं न्हाई व्हय?’’

गुरुजींनी फळ्याकडे तोंड केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही कमानीखाली रांगेत उभे होतो. झेंडूचा उग्र वास, तापलेली धूळ, खरखरणारा कर्णा. पाहुणे भाषणात म्हणाले, की या चिमुकल्या बालवीरांनी आपली कमाई माझ्या स्वागतासाठी आनंदाने अर्पण केली, हे पाहून ऊर भरून येतो. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर दगडू रांगेतून पुढे गेला, त्याने कडक सलाम केला, आणि अजिबात आवाज न चढवता बोलला—

‘‘सायेब, आमी दिली न्हाई. स्ट्रेचरसाठी मिळवली व्हती. माजी आई वाटंत मेली म्हनून.’’

पाहुण्यांनी आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेब हसले. ‘‘धनगराचं पोर हाय सायेब. रानातलं.’’

आणि पाहुणेही हसले. गळ्यातला हार सारखा केला आणि भाषण पुढे चालू ठेवलं. आबासाहेबांना मी एक वेळ समजू शकतो. लोभाला तोंड असतं, ते दिसतं. पण ते दुसरं हसणं—सगळं कळूनही हार सारखा करणारं—ते मी कधीही माफ केलेलं नाही, आणि करणार नाही.

आबासाहेबांनी दगडूच्या गळ्यातला रुमाल ओढून काढला आणि त्याला कमानीबाहेर ढकललं. तो पळाला नाही. चढणीच्या वाटेने, नेहमीच्या चालीने, वर निघून गेला. शाळेत तो पुन्हा आला नाही. त्या दिवशी तो गेल्यावर फोटोवाल्याने आम्हाला सरकून मधली जागा भरायला सांगितलं. मी रांगेतल्या शेजारच्या सोमाकडे पाहिलं, सोमाने माझ्याकडे. कुणी सरकलं नाही. आबासाहेब दोनदा ओरडले, तरीही नाही. गुरुजी शेजारीच उभे होते. त्यांनीही आम्हाला सरकायला सांगितलं नाही.

जूनमध्ये गुरुजींची बदली झाली आणि पथक बंद पडलं. स्ट्रेचर आलं नाही. धनगरवाड्याला रस्ता मिळाला तो पठार विकून तिथे शहरातल्या लोकांचे बंगले उठले तेव्हा. माणसं मरत होती तोवर जो डोंगर फुटत नव्हता, तो बंगल्यांसाठी एका उन्हाळ्यात फुटला. दगडूने शेवटपर्यंत शेळ्याच राखल्या. भेटायचो आम्ही, त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही, मीही विषय काढला नाही. आता तोही नाही.

मागे एकदा काही कामाने शाळेत गेलो, तर तो फोटो कार्यालयात अजून टांगलेला. खाली सुबक अक्षरांत: ‘मान्यवरांचे स्वागत, बालवीरांच्या देणगीतून.’ नव्या तरुण मुख्याध्यापकांनी सहज विचारलं, ‘‘आजोबा, मधे ही जागा मोकळी का सोडलीय?’’

मी त्यांच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली, बसलो, आणि त्यांना आधी त्याचं नाव सांगितलं.