बिनकागदाची दवंडी

जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुनाच. मला नांदेडहून उचलून लातूरच्या एका कचेरीत आणून बसवलं, तेव्हा तिथे माणसांपेक्षा खुर्च्या कमी होत्या आणि फायली भिंतीकडेला जमिनीवर रचलेल्या होत्या. कचेरीचं नाव सांगत नाही. त्या वेळची पुष्कळ मंडळी अजून पेन्शन घेताहेत, उगाच कशाला? माझ्याकडे आवक-जावक होतं. आलेलं पत्र नोंदवायचं आणि ज्याचं त्याच्याकडे धाडायचं. या कामाला डोकं लागत नाही असं तेव्हा मलाही वाटायचं.

आमचे वरिष्ठ बापूसाहेब. माणूस सज्जन, पण प्रत्येक दुखण्यावर तक्ता हा एकच उपाय त्यांना ठाऊक. एकदा म्हणाले, "कुसुमताई, लोकांना कोणती गोष्ट कोणत्या खात्यानं कळवायची, याचा तक्ता करा. म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवणं बंद होईल."

केला. टँकर कधी येणार ते जिल्हा परिषदेनं सांगायचं, रोजगार हमीचं काम कुठे निघालं ते तहसीलनं, साथीचं आरोग्य खात्यानं. तातडीचा निरोप पोलिसांच्या बिनतारीवरून, वर्तमानपत्रांना काय द्यायचं ते माहिती खात्याकडे. शेवटचा रकाना होता, 'गावात प्रत्यक्ष कोण सांगणार'. तिथे प्रत्येक ओळीत मला एकच शब्द लिहावा लागला : कोतवाल. एवढी खाती, एवढे साहेब, आणि सगळ्यांना मिळून तोंड एकच. मला हसू आलं होतं, हे आज कबूल करायला लाज वाटते.

धामणवाडीचा कोतवाल लिंबाजी महिन्यातून दोनदा टपाल घेऊन यायचा. पन्नाशीला टेकलेला, सडसडीत, टोपी नीट घातलेली. त्याचा बाप घुंगराची काठी आपटत गावभर दवंडी द्यायचा. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर लिंबाजीनं ती काठी वापरणं सोडलं. तो चौकात उभा राहायचा, हुकुमाचा कागद उघडायचा आणि चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या सावकाश, स्पष्ट आवाजात वाचायचा. खाली सही कुणाची तेही वाचायचा. कागद नसला तर तोंड उघडायचा नाही. गावात कुणी त्याला चहाला घरात घेत नसे, पण त्यानं वाचलेलं खरं असतं, एवढं सगळे मानत.

त्या उन्हाळ्यात धामणवाडीत एकच मोठी विहीर जिवंत राहिली होती. ती वरच्या आळीची. लिंबाजीच्या लोकांना तिथे पाणी भरू देत नसत; त्यांनी ओढ्याच्या वाळूत झिरा खणला होता आणि वाटीवाटीनं घागर भरत होते. अशात आरोग्य खात्याचा माणूस आला आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना घेऊन गेला.

काही दिवसांनी लिंबाजीला तो ओढ्यापलीकडच्या बाजारात भेटला. "तुमची विहीर अजून चालूच आहे का रे? पाणी वाईट निघालंय. पत्र केव्हाच गेलं."

लिंबाजी तसाच ग्रामसेवकाकडे गेला. ग्रामसेवक म्हणाला, हे आरोग्याचं काम. आरोग्य केंद्रात म्हणाले, आम्ही वर कळवलं, आता हुकूम महसूलचा. तहसीलला गेला तर तिथला कारकून म्हणाला, जिल्ह्याहून पत्र आलं की दवंडी दे, त्याआधी नाही. मी केलेला तक्ता त्या कारकुनाच्या डोक्यावरच भिंतीला चिकटवलेला होता. दोन दिवस असे गेले. तोवर वरच्या आळीतली दोन पोरं हगवणीनं आडवी झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी चौकात उभा राहिला. हात रिकामे. "विहिरीचं पाणी पिऊ नका," म्हणाला, "नासलंय." कुणी लक्ष दिलं नाही. मग त्यानं बाभळीच्या फांद्या ओढत आणून विहिरीच्या तोंडाशी टाकल्या आणि स्वतः पायरीवर बसला. बायका घागरी घेऊन आल्या, शिव्या देऊन परतल्या. त्याची बायको चांगुणा ओढ्यावर बसून ज्याला त्याला झिऱ्याचं पाणी काढून देत होती. नाक मुरडत का होईना, वरच्या आळीतल्या बायका ते घेऊन गेल्या.

मग गावाचा अर्ज आला. हणमंतराव पाटलांची पहिली सही. 'कोतवालानं वरिष्ठांचा हुकूम नसताना जुना राग मनात धरून विहीर बंद केली व गावाला आपल्या वस्तीचं पाणी प्यायला भाग पाडलं, तरी त्यास कामावरून कमी करावं.' बापूसाहेबांनी तो माझ्याकडे सरकवला. "नोटीस तयार करा. विनाहुकूम दवंडी. खुलासा मागवा."

माझं अक्षर चांगलं. मी सुरेख नोटीस लिहिली.

खुलासा द्यायला लिंबाजी स्वतः आला. बापूसाहेब म्हणाले, "काय रे, तुला कोणी सांगितलं होतं हे?"

"पाणी तपासणाऱ्यानं, साहेब."

"तोंडी? पत्र कुठंय?"

"तेच तर इचारून राहिलो. तुमच्याकडं आलं असंल न्हवं?"

त्याच वेळी शिपाई टपाल घेऊन आला. वरचाच लिफाफा नांदेडचा. आत एक पत्र आणि त्याला टाचलेली चिठ्ठी : 'सदर गाव आपल्या जिल्ह्यातील असल्याने परत.' पत्राचा विषय : मौजे धामणवाडी, जिल्हा नांदेड, येथील विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य. गाव आमच्या जिल्ह्यातलं, पण त्याचं पोस्ट ओढ्यापलीकडे, नांदेड जिल्ह्यात. पत्र लिहिणाऱ्यानं सवयीनं गावापुढे पोस्टाचा जिल्हा लिहिला होता. आणि मी? माझं सगळं आयुष्य नांदेडला गेलेलं. लातूर अजून अंगवळणी पडलं नव्हतं. 'नांदेड' दिसलं की न वाचता त्या गठ्ठ्यात टाकायचं, हे माझ्या हाताला लागलेलं वळण. मी जावक वही उघडली. पंधरा दिवसांपूर्वीची नोंद, माझ्याच सुरेख अक्षरात.

लिंबाजी समोर उभा होता आणि मी त्याला आजवर कधी बसाही म्हटलं नव्हतं.

"साहेब, हे माझ्या हातून झालं," मी म्हणाले.

बापूसाहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला. "असू द्या. वाटेत गहाळ झालं असं लिहू. नोटीस मागं घेतो. जा रे लिंबाजी, सुटलास."

लिंबाजी हलला नाही. "नोटिशीचं राहू द्या साहेब. त्यो कागद मला द्या. गावात वाचायचाय. लोकं म्हणून राहिले, म्या दावा साधला. माझी चांगुणा इतके दिस पाणी उपसून राहिली, तिलाबी डाव म्हणतेत."

बापूसाहेब कागद द्यायला तयार झाले. त्याच्याबरोबर मी जाईन म्हटल्यावर मात्र त्यांनी डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी धामणवाडीला निघालेल्या टँकरच्या पुढे धावणाऱ्या जीपमध्ये मला जागा मिळाली.

चौकात सगळं गाव जमलं होतं. लिंबाजीनं कागद उघडला. विषय वाचला, मजकूर वाचला, सही वाचली. मग तारीख वाचली. लोकांत कुजबुज सुरू झाली. हणमंतराव पुढे आले. "तारीख तर लई जुनी हाय. इतके दिवस कागद कुठं होता?"

लिंबाजीनं मान वर केली नाही. कागदाची घडी घालत राहिला. मला वाटलं, तो माझ्याकडे बघेल. त्यानं तेही केलं नाही.

"माझ्याकडे," मी म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले. "तो माझ्याकडे आला होता. मी चुकीच्या जिल्ह्याला धाडला. कोतवालानं केलं ते मी आधीच करायला हवं होतं."

शिव्या खायची मी तयारी करून गेले होते. पण हणमंतरावच म्हणाले, "असू द्या बाई. माणूसच हाय, चुकतंय." एका म्हातारीनं मला सावलीत बसायला सांगितलं. कुणीतरी आतून चहाही आणला, बशीसकट. लिंबाजीच्या हातात कुणी कप दिला नाही.

मी कप तसाच ओट्यावर ठेवला आणि त्याच्याजवळ गेले. "लिंबाजी, माझं चुकलं. तुम्हाला फार सोसावं लागलं."

"बाई, तुमचं चुकलं, तुम्ही उभं राहून सांगितलं, गावानं चहा पाजला." तो रागानं बोलत नव्हता, हेच मला जास्त लागलं. "पर ते पाणी चांगलं निघालं असतं तर? चूक माझी असती तर? माझ्या लेकरास्नी ह्या गावात ऱ्हाऊ दिलं असतं का?"

समजूत घालायला पुष्कळ शब्द तोंडाशी आले. मी ते गिळले.

"नसतं राहू दिलं," मी म्हणाले.

"हाव," तो म्हणाला, आणि टँकरपाशी घागरींची रांग लावायला गेला.