बोट पाहा, भाऊ

कपाटाचं दार उघडायचं, आत तर्जनी फिरवायची आणि ती समोरच्याच्या नाकापाशी धरायची. "बोट पाहा, भाऊ." बोट स्वच्छ असे. जे चंद्रपुरात राहिले आहेत त्यांना यातली करामत कळेल. कोळशाच्या खदानींकडून वारा सुटला की सकाळी पुसलेलं टेबल दुपारी काळं होतं.

हे बोट आमच्या मोहल्ल्यातल्या सुतार मिस्त्रींचं. ते सागवानी शोकेस करत. धूळ शिरू नये म्हणून दाराच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी, काचेखाली मखमलीची. खदानीत ब्लास्टिंग झालं की घराघरातल्या काचा थरथरत; त्यांच्या शोकेसच्या गप्प राहत. गिऱ्हाईक येई ते त्या एका बोटाच्या भरवशावर.

डीव्हीडी आल्या तेव्हा आम्ही होम थिएटर घेतलं. मिस्त्रींनी भिंतभर कपाट केलं. मध्ये टीव्ही, बाजूच्या कप्प्यांत छोटे स्पीकर, तळाच्या बंद कप्प्यात जड, घुमणाऱ्या आवाजाचा वूफर. दाराला अर्थातच ट्यूब.

सुरू केलं, तर मूल गावच्या राइस मिलमध्ये पोती आपटावीत तसा आवाज. वर काचा वाजू लागल्या.

मिस्त्रींनी दारावर तळहात ठेवला. "ब्लास्टिंगले काच हलली नाई, अन् ह्या डब्याले हलली? काऊन?"

त्यांनी वूफर बाहेर काढला. कोपऱ्यात ठेवला, तो घुमला. भिंतीपासून सरकवला, तर मोकळा झाला. छोटे स्पीकर कप्प्यात खोल होते, ते कडेपर्यंत ओढले. बोलणं स्पष्ट ऐकू येऊ लागलं. मिस्त्री जमिनीवर बसून कान लावत होते.

"मिस्त्रीभाऊ, डबा पळून नाई जात," बायको म्हणाली. "चहा थंडा होऊन राह्यला."

मी म्हटलं, वूफर कप्प्यातच ठेवायचा तर त्याचं दार कापावं लागेल.

"मंग धूळ कुठी जाईन, भाऊ? लोक म्हणतीन, ह्याच्याच कपाटाले भोक."

"आम्ही आवाज विकत आणला," बायको म्हणाली, "तुम्ही त्याले कोंडून ठेवलं."

मिस्त्री हत्यारं गुंडाळून गेले. बरेच दिवस फिरकले नाहीत.

आले ते शुक्रवारची नमाज उरकून, धुतलेल्या कुर्त्यात. दाराची फळी स्वतः कापली, चौकट ठेवली, तिच्यावर काळं कापड ताणलं. आवाज खोलीभर पसरला. ते खूश दिसले. पुढच्या फेरीत त्यांनी आत बोट फिरवलं. या वेळी दाखवलं नाही. पायजम्याला पुसलं.

मग ते येतच राहिले. निमित्त चहाचं. पातळ कापडातून धूळ यायची, जाड कापड आवाज खायचं. दर वेळी पिशवीत नवा तुकडा. "लावा, भाऊ," म्हणायचे. डोळे मिटून ऐकायचे, मग बोट. एकदा बायको म्हणाली, "साड्यांच्या दुकानात एवढी कापडं नसतीन." ते हसले, पण कापड पुन्हा बदललंच.

शेवटचे आले तेव्हा फार खंगले होते. भिंतीला धरून वाकले, चौकट काढली, बोट फिरवलं. किंचित राखाडी होतं. या वेळी त्यांनी ते माझ्या नाकापाशी धरलं.

"बोट पाहा, भाऊ. इतकं चालते." थांबून म्हणाले, "आता लावा."

चहा निवला तरी ते ऐकत बसले होते.

मिस्त्री त्याच वर्षी पावसाळ्यात गेले. कापड अजून त्यांचंच आहे. मी तो कप्पा पुसायला बसलो की बायको स्वयंपाकघरातून येते, पदराला हात पुसते आणि म्हणते, "बोट दाखवा."