कुंकू लावलेली डिस्क

कॉम्प्युटर दुरुस्तीला बोलावलं म्हणून भडगावच्या केळी पिकवण्याच्या केंद्रात पाय ठेवला आणि माझं डोकंच फिरलं. सर्व्हरच्या पेटीला झेंडूचा हार, समोर उदबत्ती, आणि स्क्रीनवर ढिम्म उभा संदेश: डेटाची डिस्क जोडता येत नाही.

"अहो, एवढी पूजा झाल्यावर तरी चालू व्हायला नको का हे!" मी म्हणाले.

व्होल्टेज वाढून जुना कॉम्प्युटर जळाला होता. मालक म्हणजे आबा. त्यांच्या सुनेने नवा कॉम्प्युटर आणून बॅकअपवरून लिनक्सची व्हर्च्युअल मशीन पुन्हा उभी केली होती. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा कॉम्प्युटर. पिकवायच्या खोल्यांचा गारवा तोच सांभाळायचा. तो बंद, म्हणून गारवाही बंद.

"बठ्ठा माल मझार शे," आबा म्हणाले. सगळा माल आत होता, आणि तो एकट्या आबांचा नव्हता. कच्चा माल ट्रकवाल्याला देऊ नका, आपण पिकवून विकू, असं सुनेने अख्ख्या भावकीला पटवलं होतं. ही पहिलीच खेप. संध्याकाळपर्यंत गारवा आला नाही तर केळी मऊ पडणार आणि गावात तिला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

"ताई, मी सगळं नीट केलंय हो," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता.

मी तिला बाजूला सारलं आणि बसले. बॅकअप तपासला, ठणठणीत. मशीन कोणती डिस्क कुठे जोडते ती फाइल तपासली, त्यातला डिस्कचा ओळख क्रमांकही बरोबर. मग अडतंय कुठे? शेवटी जोडलेल्या सगळ्या डिस्कचे क्रमांक एकाखाली एक काढले आणि कपाळावर हात मारला. एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क! बॅकअपवरून डिस्क परत आणली की तिचा क्रमांकही जुनाच येतो, हे ठीक. पण मग ही दुसरी कोण?

"जुनी कुणी लावलीय आत? जळलेली?"

सून आबांकडे बघायला लागली. जुनी डिस्क आपला क्रमांक तेवढा सांगत होती, आतलं काही वाचू देत नव्हती. मशीन नेमकी तिलाच धरून बसत होती आणि तिथेच अडकत होती.

"काढून टाका ती. भंगार आहे," मी फटकन बोलले.

"ती काढानी नही," आबा म्हणाले आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी चिडलेच. इकडे केळी गरम होतायत आणि यांचे लाड! सुनेने पेटीचं झाकण उघडून मला डिस्क दाखवली. वर कुंकवाचं स्वस्तिक, एका बाजूला बोटाचा पुसटसा ठसा. "लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे गल्ला, काटा, कॉम्प्युटर, सगळ्याची पूजा होते. हे सासूबाईंनी काढलंय. त्यांची शेवटची दिवाळी होती ती. आबा म्हणाले, हिच्या डिस्कचा दिवा नव्या पेटीतही लागला पाहिजे. म्हणून मी जोडली."

माझा राग कुठल्या कुठे गेला. खरं तर मला फार वाईट वाटलं.

मग जुनीला हात लावला नाही. नवीनला नवा क्रमांक दिला आणि फाइलमध्ये तो सुनेच्या हातून लिहून घेतला. चूक नको म्हणून तिने अक्षर अन् अक्षर मोठ्याने वाचलं. मशीन परत सुरू केली. ओळी सरसर वर गेल्या, आणि पलीकडच्या खोल्यांचे पंखे घुं घुं करत लागले. सून मटकन खुर्चीत बसली, हसली, मग रडली.

पंख्यांचा आवाज ऐकून आबा आत आले. पेटीच्या तोंडाशी दोन्ही डिस्कचे हिरवे दिवे शेजारी शेजारी लागले होते. मी सांगितलं, "राहू द्या आबा तिला आत. आता ती नवीच्या आड येणार नाही."

आबांनी दिव्याकडे बघत सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुनी सासू कधी कोनाले आड उनी नही, बेटा," ते म्हणाले.