मशिनांची पाठवणी

कुणाच्याही घरी गेल्यावर आक्का आधी माणसांकडे बघायच्याच नाहीत. त्यांची नजर सरळ टीव्हीच्या खाली जायची. टीव्ही कशावर ठेवलाय, झालरीच्या कापडाखालून लोखंडी पायडल डोकावतंय का, हे पाहून झालं की मग, "बरं हाय का समद्यांचं?" बारामतीतल्या आमच्या गल्लीतल्या बायकांना हे इतकं पाठ झालं होतं की आक्का कोपऱ्यावर दिसल्या रे दिसल्या की एखादी घाईघाईने टीव्हीखाली चादर सोडायची. आणि तिथेच फसायची, कारण चादर जितकी लांब तितकं मशीन नक्की, असा आक्कांचा अंदाज होता.

आक्का एसटीत कंडक्टर होत्या. निवृत्त झाल्यावर घराघरांत अडगळीत पडलेली शिलाई मशिनं मागून आणायची, दुरुस्त करून घ्यायची आणि जिला खरी गरज आहे अशा बाईच्या दारात नेऊन ठेवायची, हा उद्योग त्यांनी काढला. माझं रंगाचं दुकान त्यांच्या शेजारी आणि दुकानाला टेम्पो, एवढाच माझा गुन्हा. "रंगाचं डबं काय पळून जात्यात का? चल!" म्हणत त्या केबिनमध्ये बसत आणि दारावर हाताने दोनदा ठोकत. दोनदा ठोकलं की गाडी सोडायची, एकदाच ठोकलं की थांबायचं. टेम्पो माझा, किल्ली माझी, पण डबल बेल मिळाल्याशिवाय चाक हलवायची माझी छाती नव्हती. एकदा आक्कांना डुलकी लागली, तर मी रिकाम्या रस्त्यावर गाडी उभी करून त्या जाग्या व्हायची वाट बघत बसलो होतो.

मशीन न्यायचं ते लेकीची पाठवणी करतात तसं, हा त्यांचा नेम. मालकिणीने हळदीकुंकू लावायचं, वरून साडी पांघरायची, आणि ती साडी नव्या घरी पोचेपर्यंत कुणी उघडायची नाही. "हितं तोंड बघू नको तिचं. सासरी गेल्यावर बघू," असं मलाच दटावायच्या. या पाठवणीत बायका खरोखर रडायच्या. इतकी वर्षं वर लोणच्याच्या बरण्या ठेवताना कुणाला काही वाटलेलं नसायचं. आक्का त्यांना म्हणायच्या, "आता गं का रडती? तिला पळायची हौस, तू उभी करून ठेवलीस."

आणि खुद्द आक्कांच्या घरात? टीव्हीखाली, झालरीच्या कापडाखाली, मशीन! ड्युटीवरून आल्यावर त्याच मशीनवर त्यांनी दोन्ही लेकींचे फ्रॉक शिवले होते. लेकी लग्न होऊन लांब गेल्या, तेव्हापासून ते बंदच होतं. मी चिडवायचो, "आक्का, याची पाठवणी कधी?"

"ती सर्व्हिसला हाय अजून."

"टीव्ही धरून उभं राहायच्या?"

"गप गाडी चालव!" गाडी बंद असली तरी हेच उत्तर.

मग सुप्याच्या अलकाचं प्रकरण आलं. अलका दुसऱ्यांच्या मशीनवर शिवण शिकलेली. तिला शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी कापड येणार होतं, आणि घरात मशीन नसेल तर ते काम दुसरीकडे जाणार होतं. नेमका इंदापूरकडच्या एका तात्यांचा फोन आला, "मागल्या खोलीत जुनं मशीन हाय, न्या." आम्ही गेलो तर तात्यांच्या घरी उद्याच्या लग्नाची गडबड. मागच्या खोलीत मशीन साडी पांघरून तयारच. आक्का खूश! "बघ, न सांगता पांघरलंय. याला म्हणत्यात वळण." उचलताना मी म्हणालो, "आक्का, हलकं लागतंय." त्या म्हणाल्या, "लग्नाघरची जिलबी हाणलीस, जोर आलाय." टक टक.

सुप्यात अलकाच्या दारात साडी काढली आणि आतून निघालं कोरं करकरीत मशीन. चाकाला प्लॅस्टिक, कमरेला लाल रिबन. अलका आनंदाने उडीच मारायची राहिली. तेवढ्यात तात्यांचा फोन, "आक्का, तुमी आमच्या पोरीचं रुखवतातलं मशीन न्हेलं की वो!"

"आन् जुनं?"

"ते तितंच हाय, पोत्याखाली. त्याला नुस्तं पाय हायेत, डोकं कवाच मोडीत गेलं. आमाला वाटलं, तुमी पाय बी न्हेता."

मी पोट धरून हसत होतो. मग अलकाकडे लक्ष गेलं आणि हसू विरलं. ती मशीनवर साडी परत घालत होती. "न्या आक्का. लग्नाघरचं हाय. माझं बघू कायतरी."

आम्ही मशीन परत तात्यांकडे पोचवलं. रुखवत पूर्ण झालं, तात्यांनी हसून पुन्हा जिलबी दिली, ती त्यांनी तशीच पुडीत धरून ठेवली. बारामतीत शिरताना म्हणाल्या, "दुकानाकडं नको. माझ्या दारात लाव."

घरात शिरून त्यांनी मला टीव्ही जमिनीवर ठेवायला लावला.

"सर्व्हिस संपली वाटतं?" मी विचारलं.

"व्हय. तेलाची बाटली दे."

त्यांनी मशीनला तेल घातलं, चाक फिरवून बघितलं, हळदीकुंकू लावलं आणि ठेवणीतली इरकल साडी काढून पांघरली. मी म्हटलं, आक्का, ही लग्नाकार्याची. त्या म्हणाल्या, "मग आज काय हाय?"

आम्ही मशीन टेम्पोत चढवलं. मी केबिनमध्ये बसून शेजारचं दार उघडलं, पण आक्का आल्या नाहीत. "गुडघा दुखतोय. तूच जा," असं मागूनच म्हणाल्या. आणि पाठीमागच्या फळीवर ठोकलं. एकदाच.

मी किल्लीवरचा हात काढला. वाटलं, मन फिरलं. अलकाला आता काय सांगायचं? आरशात बघितलं, तर आक्का फळीवरून वाकून इरकलीचा सुटलेला पदर मशीनभोवती खोचत होत्या, वाटेत धूळ बसू नये म्हणून. खोचून झाल्यावर हात तिथेच थोडा वेळ राहिला.

मग टक टक झालं, आणि मी गाडी सोडली.