नरसिंगाचा घास

जवळा बाजाराजवळच्या तांड्यावर म्हाताऱ्या रूपसिंगाला चिडवायचं असलं की लोक एकच विचारायचे, "काका, नरसिंगकाकाला मडमेनं ठेवून घेतलं व्हय?" झालं! म्हातारा काठी घेऊन अंगावर धावायचा.

चिडेल नाही तर काय! दुसऱ्या महायुद्धात रूपसिंग अन् त्याचा धाकटा भाऊ नरसिंग पलटणीत भरती झाले, मुंबईहून बोटीनं बसऱ्याला निघाले. बोट मूळची साहेबलोकांच्या सैरसपाट्याची. लढाईसाठी तिला राखाडी रंग फासला, वर तोफ बसवली, आरशांच्या नाचघरात शिपायांच्या झोळ्या टांगल्या. रूपसिंगानं परत येऊन सगळं सांगितलं, तर लोकांनी नाचघर तेवढं ध्यानात ठेवलं! अन् पुढचं? उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्या ठोकून बंद केलेल्या, तळमजल्यावर श्वास घ्यायची मारामार. नरसिंग तापानं गेला. त्याला कापडात शिवून, पायाला लोखंड बांधून समुद्रात सोडलं. हे कुणाच्या कानातच शिरलं नाही. राख नाही, हाड नाही, म्हणजे गडी पळाला!

लढाई संपल्यावर रूपसिंगानं तीच बोट मुंबईच्या गोदीत पाहिली. पांढरीशुभ्र, वर बाजा वाजत होता. "बोटीला नवा रंग दिला हरामखोरांनी, अन् माझ्या भावाला साधं नाव न्हाई!" सांगताना तो काठी जमिनीवर आपटायचा.

नाव म्हणजे दिवाळीच्या धबुकारातलं. निखाऱ्यावर तूप-लापशीचा घास टाकताना घरातल्या मेलेल्या एकेकाचं नाव घ्यायचं, तेव्हा तो घास त्याला पोचतो. भावकीचा धबुकार तांड्याचा नायक शंकरसिंग याच्या चुलीवर व्हायचा. नात्यानं पुतण्या, कालचं पोरगं, पण दर साली नरसिंगाला गाळायचं. "जित्या माणसाच्या नावानं घास टाकला तर विपरीत व्हईल," म्हणायचं. वा रे शहाणा!

हिंगोली जिल्हा झाला त्या साली रूपसिंगाचं डोकं फिरलं. भर भावकीत ओरडला, "त्याचं घेत न्हाईस ना? मंग मी मेल्यावर माझंबी घेऊ नको!" पुढच्या उन्हाळ्यात तो गेलाच.

दिवाळी आली. शंकरसिंगानं घास उचलला, "रूपसिंग..." म्हणतो तोच म्हाताऱ्याची बायको मिराबाई उठली अन् तिनं त्याचं मनगट धरलं. दिराला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"आधी नरसिंग. मंग माझा मालक. न्हाई तर दोघंबी उपाशी राहतील, अन् ते पाप तुज्या माथी."

शंकरसिंग खाली मान घालून पुटपुटला, "नरसिंग."

"मोठ्यानं घे, मेल्या! लई लांबून यायचंय त्याला."