पार्लरमधली गोडबोली

थोरलीला राग आला की ती बोलत नाही, हातातली वस्तू मोडते. माझ्या पार्लरच्या काउंटरवर बसून तिने आजवर दोन फोन आणि एका उद्धट सेल्समनचा चष्मा मोडला. तरी मी तिला काढलं नाही. मीही काही गरीब गाय नाही, आणि माझ्या तोंडाला तोंड देणारी दुकानात ती एकटीच.

फोन मोडले, कारण ते वाजून वाजून डोकं खायचे. आमच्या धंद्यात बाई दुकानात येत नाही, ठरलेल्या मुलीकडे येते. नावं कुणाला ठाऊक नसतात. "चष्मेवाली आहे का आज? बुटकी कधी येते?" दिवसभर हेच. सगळ्यांत जास्त मागणी वेणीवालीला, म्हणजे थोरलीच्या सख्ख्या धाकट्या बहिणीला.

धाकटी आमच्याकडे आली ती हात गळ्यात बांधून. नवऱ्याने तिला दाराच्या फटीत धरून दार आपटलं होतं, खांद्याचं हाड मोडेपर्यंत. ती पळाली तेव्हापासून तो एकेका पार्लरला फोन करत होता. म्हणून आमच्यात एक रीत पडली. फोनवर पुरुषाचा आवाज आला आणि त्याने मुलीची चौकशी केली, की 'अशी कोणी इथे नाही' म्हणायचं आणि फोन ठेवायचा.

मग थोरलीने कुठेतरी पाहिलं, की प्रोग्रामिंग न शिकताही चॅटवर उत्तरं देणारा मदतनीस बनवता येतो. पडद्यावर चौकोन ओढायचे, बाणांनी जोडायचे, आपली माहिती आत भरायची आणि कसं बोलायचं ते साध्या भाषेत सांगायचं. शाळेत गणितात गटांगळ्या खाल्लेली ही बाई जेवणाच्या सुट्टीत चौकोन ओढत बसायची. तिने त्यात दर भरले, प्रत्येकीचं टोपणनाव, वेळ आणि खुर्ची भरली. वर सूचना लिहिली, 'बाईला ताटकळत ठेवू नकोस. विचारलं ते सांग, आणि उपयोगाचं आणखी काही असेल तर तेही सांग.' आम्ही त्या मदतनिसाला गोडबोली म्हणू लागलो. फोन गप्प झाला आणि थोरलीला गरम चहा मिळू लागला.

लिहिलेल्याला आवाज नसतो, हे आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

तो बायकोला तिच्या केसांवरून शोधत होता. त्याने लिहिलं, 'तुमच्याकडे लांब वेणीची मुलगी आहे ना? मला तिच्याकडूनच केस कापायचेत.' गोडबोलीने सांगितलं, 'हो ताई, आज ती दोन ते आठ आहे, तिसऱ्या खुर्चीवर. चारनंतर गर्दी नसते.'

तो चारनंतर आला. दार ढकललं आणि सरळ तिसऱ्या खुर्चीकडे गेला. धाकटीची वेणी त्याने मुठीला गुंडाळली आणि तिचं तोंड आरशावर हाणलं. पुन्हा हाणलं. आरसा फुटला. ती खाली पडली तेव्हा तिच्या उजव्या हातात कात्री होती. त्या हातावर तो बूट रोवून उभा राहिला आणि टाच फिरवत राहिला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी ड्रायर त्याच्या कानशिलात घातला, तर त्याने कोपर मारून माझा दात पाडला. तेवढ्यात थोरलीने वॅक्सचं गरम भांडं उचललं आणि त्याच्या मानेवर उपडं केलं. तो गुरासारखा ओरडला. मग रिकाम्या भांड्याने ती त्याला मारत राहिली, तोंडातून ब्र न काढता. आम्ही कोणी तिला आवरलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पोलिसांनी त्याच्या मोबाइलवरचं ते बोलणं थोरलीला दाखवलं. 'हो ताई' तिने पुन्हा पुन्हा वाचलं.

धाकटीच्या डोक्याला टाके घालायचे म्हणून वेणी कापावी लागली. बोटं जुळली, पण कात्रीवर मिटत नाहीत. ती दुकानात परत आली त्याच आठवड्यात तो जामिनावर सुटला. थोरलीने तातडीने गोडबोली उघडली आणि बहिणीचं सगळं पुसायला घेतलं.

"पुसू नकोस," धाकटी म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? तो परत विचारेल."

"विचारू दे. तुम्ही 'अशी कोणी इथे नाही' म्हणायचात, आणि मी तिथे खुर्चीमागे उभी राहून ऐकायचे. मला खरंच वाटायला लागलं होतं, की मी नाहीच."

थोरलीला रडू फुटलं. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. धाकटीने तिच्या हाताखालून लॅपटॉप ओढला आणि डाव्या हाताच्या एका बोटाने स्वतःच्या चौकोनात स्वतःच उत्तर लिहिलं.

एका सकाळी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, पडद्यावर प्रश्न आला, 'वेणीवाली जिवंत आहे का?'

गोडबोलीने लगेच उत्तर दिलं, 'आहे. रोज दहा ते आठ. बहिणीसोबत.'

मी कडी लावायला उठले. "दार उघडं राहू दे," धाकटी म्हणाली आणि दाराकडे तोंड करून बसली. थोरली पोलिसांना फोन लावून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. एकेक करून बाकीच्या मुलीही तिच्याभोवती जाऊन उभ्या राहिल्या. डोक्याला मेंदी लावलेली दोन गिऱ्हाइकंही उठून त्यांच्यात गेली.

तो आला नाही. आम्ही आठपर्यंत तिथेच होतो.