पंखा बंद ठेवून केलेल्या तालमी

मे महिन्यात नागपुरात नाटकाच्या तालमी पंखा बंद ठेवून करायच्या, असं कुणा शहाण्या माणसाला सांगितलं तर तो आधी माझ्या डोक्यावर ओला पंचा ठेवेल. पण सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात आम्ही हे खरोखर केलं. नटांना वारा हवा होता, पण पापडांना तो चालत नव्हता, आणि जिंकले पापड.

मी शाळेत मास्तरीण होते आणि महाल वस्तीमागच्या आमच्या गल्लीतल्या छोट्या सभागृहाच्या मंडळाची चिटणीस. त्याला सगळे हॉलच म्हणत. जागा महापालिकेची, राबणारे आम्ही, आणि वर्षाकाठी थोडंसं अनुदान. त्या वर्षी ते निम्म्यावर आलं. आम्ही रखवालदार सोडला, भाड्याचे कूलर आणायचं बंद केलं आणि किल्ली माझ्या कमरेला लागली. तेवढ्यावर भागलं असतं, पण एक दिवस महापालिकेचे साहेब पाहणीला आले. रिकाम्या हॉलमध्ये चक्कर मारून म्हणाले, "उन्हाळाभर इथे कुलूपच असतं म्हणे. रेशनच्या धान्याला गोदाम हवंय. याही उन्हाळ्यात हॉल असाच राहिला, तर जागा तिकडे जाईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न होऊन या शहरात आले तेव्हा मी कुणालाच ओळखत नव्हते. पहिली मैत्रीण मला याच हॉलच्या पायरीवर भेटली, पहिल्यांदा पोटभर हसले तेही इथेच. तिथे गव्हाची पोती? मी साहेबांना म्हटलं, "महिन्याभरानं या. पाय ठेवायला जागा मिळाली तर सांगा."

बोलून तर बसले. पण उन्हाळ्यात माणसं आणायची कुठून? नाटकवाले पाच-सहा जण होते. आमचे दिग्दर्शक सरकारी कचेरीत कारकून, तालीम सकाळी कचेरीआधी. बाकीचा हॉल ओस. त्याच सुमारास समोरच्या घरातली मावशी दारात कपाळाला हात लावून बसलेली दिसली. तिचं माहेर नरखेडकडचं, आवाज खणखणीत, आणि गल्लीतल्या निम्म्या घरांचे उडदाचे पापड तिच्या देखरेखीखाली व्हायचे. ते उन्हात टाकले की वेडेवाकडे होतात, त्यांना सावली लागते. तिचं घर दोन खोल्यांचं.

"मावशी, हॉलमध्ये या ना," मी म्हटलं. "फरशी थंडगार आहे."

"अन् तुमचे नाटकवाले?"

"ते वर स्टेजवर, तुम्ही खाली."

दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस बायका पोळपाट-लाटणी घेऊन हजर. वर नाटक सुरू झालं, खाली लाटणी. पाच मिनिटांत मावशी ओरडली, "पंखा बंद कर गा! पापड उडून राहिले!"

"मावशी, आम्ही वितळून राहिलो इथं!" दिग्दर्शकांचा आवाज रडवेला झाला होता.

"तुमी वितळले तं पुसता येते. पापड वाळला तं लाटता येत नाही."

दिग्दर्शकांनी स्वतः जाऊन बटण दाबलं. पंखा बंद झाला तो महिनाभर. नायक गळ्यात टॉवेल टाकून प्रेम करायचा.

नाटक रडकं होतं. सोशिक सून, खाष्ट सासू, मुखदुर्बळ नवरा. दिग्दर्शकांनी ते फार मनावर घेऊन बसवलं होतं. पण खाली लाटणाऱ्या बायकांना गप्प बसणं जमेना. सून आसवं गाळायला लागली की एक जण म्हणायची, "रडून काय राहिली वं? बोल ना तिले!" नवरा मान खाली घालून उभा राहिला की मावशी लाटणं उगारायची, "तुले तोंड नाही काय रे?" पहिले काही दिवस नटांचे चेहरे उतरत. मग ते वाक्य टाकून थांबायला लागले, बायकांचं बोलणं होऊ द्यायचे आणि पुढे जायचे. दिग्दर्शकांच्या हे लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही. तालमी कशा रंगत होत्या म्हणून आम्ही खूश.

प्रयोगाची संध्याकाळ आली. साहेब पहिल्या रांगेत. पंखा गरगरत होता, हॉल गच्च भरला होता. मावशी आणि तिच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांना दहादा बजावलं होतं, "आज एक शब्द बोलायचा नाही. साहेब आहेत." आणि त्या खरोखरच तोंडाला पदर लावून बसल्या.

पडदा वर गेला. सून रडली आणि थांबली. सासू कडाडली आणि थांबली. नवऱ्यानं मान खाली घातली आणि तशीच ठेवली. प्रत्येक वाक्यानंतर सगळे वाट बघत उभे, आणि खालून चकार शब्द नाही. लोक खुर्च्यांत चुळबुळायला लागले. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. दिग्दर्शक विंगेतून माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच त्यांचं नाटक बुडवलं. आणि खरं तर मीच बुडवत होते. मी उठले, मावशीच्या खुर्चीमागे गेले आणि तिच्या कानात म्हटलं, "बोला हो, मावशी. काय वाटेल ते बोला."

मावशीनं पदर सोडला. "अरे, बायको रडून राहिली नं तुही! काहून मुका झाला बे?"

नवऱ्याच्या चेहऱ्यावर जीव परतला. त्यानं मान वर केली आणि पुढचं वाक्य असं फेकलं की हॉल दणाणला. मग सगळ्याच बायका सुटल्या. रडकं नाटक हसून हसून पुरेवाट होईपर्यंत चाललं. साहेब रुमालानं डोळे पुसत होते.

आठवड्यानं त्यांनी मला कचेरीत बोलावलं. "गोदामाचा विषय संपला. हॉल तुमचाच." मी उठून उभीच राहिले, इतका आनंद झाला. "आणि बाई, एवढी गर्दी जमते म्हटल्यावर उरलेलं अनुदानही कशाला? मी तसं कळवून टाकलंय."

आनंद आणि संताप एकाच वेळी झाला. रागानं पाय आपटत बाहेर पडले, आणि घरी येईपर्यंत हसूही आवरेना. पण रात्री अंथरुणावर पडले तेव्हा खरी भीती वाटली. पापड तर डब्यांत भरून झाले होते. आता या बायका कशाला येतील? हॉल आमचा राहिला, पण त्यात माणसं कुठली? कुलूप लागायला साहेबांची गरजच नव्हती.

सकाळी तरी सवयीनं किल्ली घेऊन गेले. पायरीवर मावशी बसली होती, मागे तिच्या दहा-बारा जणी. कुणाच्या हातात पोळपाट नाही, लाटणं नाही, पिठाचा डबा नाही.

"काहून वं मास्तरीणबाई, इतका उशीर?" मावशी म्हणाली. "उघड लवकर. आता कोणतं नाटक?"